कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रिल: मशीन, बॅटरी आणि मनगट, तिन्ही कसं सांभाळायचं?



पडदे आणि ब्लाइंड्स बसवणारे, सीसीटीव्ही आणि एसी फिटिंगवाले, मॉड्युलर किचनचे सुतार, वायरमन, प्लंबर... ज्यांचा धंदा गिऱ्हाइकाच्या भिंतीत होल मारल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्या सगळ्यांसाठी आजचा विषय आहे: कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रिल. व्हिडिओमध्ये मशीन हातात धरून दाखवलं आहेच. पण सेटिंग, आकडे आणि मेंटेनन्सचं वेळापत्रक लिहिलेलं बरं असतं. मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, साइटवर उघडून बघता येईल.

आधीच एक गोष्ट सांगतो. अख्खा लेख विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

होल पुढे जात नसेल तर जोर वाढवायचा नाही. थांबायचं आणि कारण शोधायचं.

मशीन अडतं तेव्हा बहुतेक वेळा पाचपैकी एक कारण असतं:

१. त्या कामाचं मशीनच वेगळं आहे.
२. मोड किंवा गिअर चुकला आहे.
३. बिट बोथट आहे किंवा चुकीचा लावला आहे.
४. भिंतीत पुढे सळई, पाइप किंवा वायर आहे.
५. बॅटरी उतरली आहे.

यातलं एकही कारण अंगाचा भार टाकून सुटत नाही. जोर लावला की मनगट मुरगळतं, टाइल फुटते, मोटर तापते, बॅटरी मरते. म्हणून आता ही पाच कारणं ओळखायची कशी आणि टाळायची कशी, ते बघू.

१. तीन मशीन, तीन कामं

दुकानात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "इम्पॅक्टवालं दाखवा." या एका शब्दात दोन वेगळी मशीन येतात आणि तिसरं मशीन हवं असतानाही लोक हाच शब्द वापरतात.

इम्पॅक्ट ड्रिल. पुढे तीन जबड्यांचा चक असतो, बहुतेक १० किंवा १३ मिलिमीटरचा. आत दातेरी चकत्या असतात. तुम्ही भिंतीवर दाब दिला की दाते एकमेकांवरून घसरतात आणि बिट पुढेमागे थरथरतो. मिनिटाला वीस हजारांच्या वर ठोके पडतात, पण प्रत्येक ठोका हलका असतो. विटेच्या भिंतीत ६ ते ८ मिलिमीटरचं होल, लाकूड, पत्रा, स्क्रू फिटिंग, ही याची कामं.

इम्पॅक्ट ड्रायव्हर. पुढे चक नसतो, पाव इंची षटकोनी बिट लागतो. हा ठोका भिंतीच्या दिशेने मारत नाही, फिरण्याच्या दिशेने मारतो. लांब स्क्रू आणि नट-बोल्ट यांच्यासाठी उत्तम. काँक्रीटमध्ये होल मारायचं काम याचं नाही.

रोटरी हॅमर. याला एसडीएस बिट लागतो, जो चकमध्ये आवळायचा नसतो, ढकलून अडकवायचा असतो. आत पिस्टन असतो आणि तो हवेच्या दाबाने ठोका मारतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजार, म्हणजे संख्येने कमी, पण एकेक ठोका जबरदस्त. आरसीसीचा राजा हाच.

हा फरक आता जास्त महत्त्वाचा झाला आहे, कारण मुंबई-पुण्याकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायव्हन पद्धतीचं बांधकाम असतं. तिथे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतलेल्या असतात, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या भिंतीसुद्धा आरसीसीच्या. जुन्या चाळीत पाच सेकंदांत होल मारणारं तुमचं ड्रिल तिथे नुसतं ओरडतं. एखादं-दुसरं ६ मिलिमीटरचं होल होईल. दिवसाला तीस होल मारायची असतील तर रोटरी हॅमर भाड्याने आणा. दिवसाचं भाडं जळालेल्या मोटरपेक्षा स्वस्त पडतं.

कामाचा दर देण्याआधी गिऱ्हाइकाला फोनवरच विचारा, "बिल्डिंग नवी की जुनी? भिंत विटेची की काँक्रीटची?" त्याला माहीत नसेल तर फोटो मागवा. दर आणि मशीन दोन्ही त्यावर ठरतं.

२. मशीनवरची चार सेटिंग

मोड. चकच्या मागच्या रिंगवर तीन चिन्हं असतात. स्क्रूचं चिन्ह किंवा आकडे म्हणजे स्क्रू फिटिंग. ड्रिल बिटचं चिन्ह म्हणजे नुसतं फिरणं. हातोडीचं चिन्ह म्हणजे फिरणं अधिक ठोका. हातोडी फक्त वीट, काँक्रीट आणि दगडासाठी. लाकूड, लोखंड आणि टाइलवर हातोडी कधीच नाही.

क्लच. रिंगवरचे आकडे म्हणजे स्क्रू किती आवळल्यावर मशीनने "टर्रर्र" करून सोडून द्यायचं, ते. छोटा आकडा कमी जोर, मोठा आकडा जास्त जोर. प्लायवूडवर बिजागरीचा स्क्रू मारताना ५-६ पासून सुरू करा आणि गरजेप्रमाणे वाढवा. थेट ड्रिलच्या चिन्हावर ठेवून स्क्रू मारला की स्क्रूचं डोकं तरी जातं, नाहीतर प्लायवूडमधली पकड तरी.

गिअर. वरच्या बाजूला सरकवायचं बटण असतं, १ आणि २. एकमध्ये वेग कमी आणि ताकद जास्त. दोनमध्ये वेग जास्त आणि ताकद कमी. स्क्रू आणि मोठ्या व्यासाचं होल एकवर, भिंतीतलं आणि छोटं होल दोनवर. गिअर बदलताना मशीन पूर्ण थांबलेलं पाहिजे. फिरत्या मशीनवर गिअर सरकवला तर आतले दाते झिजतात, आणि ती दुरुस्ती स्वस्त नाही.

उलट-सुलट बटण. ट्रिगरच्या वर असतं. मधोमध ठेवलं की ट्रिगर लॉक होतो. बिट बदलताना, शिडीवर चढताना, मशीन कोणाच्या हातात देताना ते मधोमध हवं. आणखी एक: होल अजिबात पुढे जात नसेल तर आधी हेच बटण बघा. मशीन उलटं फिरत असेल तर भिंतीचा बिट कापत नाही, फक्त घासून तापतो.

३. भिंत ओळखा, मग बिट लावा

विटेची भिंत. टोकाला कार्बाइडचा तुकडा असलेला भिंतीचा बिट, हातोडी मोड, गिअर २. प्लास्टरमध्ये पहिले दोन-तीन सेकंद हळू, मग वेग वाढवा.

आरसीसी कॉलम, बीम, स्लॅब. तोच बिट, तोच मोड, पण मध्ये मध्ये बिट बाहेर काढून पावडर झटकत राहा. एकदम टणक लागलं, आवाज धातूसारखा आला आणि होल थांबलं, तर समोर सळई आहे. सळई कापायचा प्रयत्न करू नका. जागा दोन-तीन सेंटीमीटर बाजूला घ्या. काही मोठ्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात. तिथे सोसायटीकडून किंवा इंजिनिअरकडून लेखी परवानगी मिळेपर्यंत स्लॅबला हात लावायचा नाही.

सिपोरेक्स किंवा एएसी ब्लॉक. पांढरट, हलका, नखाने ओरखडा उमटतो. इथे हातोडी बंद. ठोका दिला की ६ चं होल ८ चं होतं आणि प्लग फिरत बसतो. नुसतं फिरवून होल मारा आणि एएसीसाठीचा वेगळा प्लग वापरा. जड वस्तू लटकवायची असेल तर साधी गिट्टी तिथे टिकत नाही.

जांभा चिरा. कोकणात आणि गोव्यात हाच जास्त. मऊ असतो, पण आत पोकळ्या असतात, त्यामुळे बिट अचानक आत जातो. आधी हातोडी न लावता सुरू करा, गरज पडली तरच लावा आणि हात सैल सोडू नका.

टाइल. हातोडी बंद, गिअर १, भाल्याच्या टोकाचा टाइल बिट किंवा डायमंड बिट. जागेवर कागदी टेप चिकटवा, म्हणजे बिट घसरत नाही. डायमंड बिटला पाण्याचा थेंब थेंब देत राहा. ते पाणी मशीनकडे ओघळणार नाही याची काळजी घ्या. टाइल पार झाल्यावर बिट बदला आणि मागच्या भिंतीसाठी हातोडी लावा. टाइलच्या अगदी कडेला होल घेऊ नका. दोन वर्षांपूर्वीच्या लॉटची टाइल बाजारात मिळत नाही आणि एका टाइलसाठी गिऱ्हाईक अख्ख्या भिंतीचं बोलतं.

लोखंड. एचएसएस बिट, आधी पंचने खूण, थोडं तेल. बिट जितका जाड तितका वेग कमी. साध्या लोखंडात ६ मिलिमीटरला मिनिटाला साधारण १३०० फेरे, १० मिलिमीटरला साधारण ८००. स्टेनलेस स्टीलला याच्या निम्म्याहून कमी. पत्र्याचा तुकडा हाताने धरून होल मारायचं नाही. बिट आरपार जाताना पत्रा पंख्यासारखा फिरतो आणि बोटं कापतो. शिकंजात किंवा क्लॅम्पमध्ये पकडा.

होलची खोली प्लगच्या लांबीपेक्षा साधारण १० मिलिमीटर जास्त ठेवा, म्हणजे पावडरला जागा राहते. बिटवर टेप गुंडाळून खूण केली की अंदाज चुकत नाही.

४. "कॉर्डलेस आहे, शॉक कसा लागेल?"

हा गैरसमज सगळ्यात महाग पडू शकतो. तुमच्या १८ व्होल्टच्या बॅटरीने शॉक लागणार नाही, हे खरं. पण भिंतीतल्या वायरमध्ये २३० व्होल्ट असतात. बिट लोखंडाचा, चक लोखंडाचा, आणि बऱ्याच मशीनचं पुढचं गिअरचं घरही धातूचं. बिटने वायर कापली की करंट तिथपर्यंत येतो. बॅटरीचं मशीन भिंतीतल्या वायरपासून तुम्हाला वाचवत नाही.

म्हणून होल मारण्याआधी:

- स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ बाजूला होल घ्यायचं नाही. कन्सील वायरिंगचे पाइप बहुतेक याच रेषेत जातात. मायव्हन भिंतीत पाइप काँक्रीट ओतण्याआधी टाकलेले असतात, त्यामुळे ते तिरके गेले असण्याचीही शक्यता असते. तिथे फक्त अंदाजावर जाऊ नका.
- वायर आणि धातू शोधणारा डिटेक्टर घ्या. रोज भिंतीचं काम करणाऱ्याने तो बॅगेत ठेवलाच पाहिजे. पण तो नेहमीच बरोबर सांगेल असं नाही, म्हणून पुढची पायरीही पाळा.
- त्या खोलीचा एमसीबी पाडा. तुमचं मशीन बॅटरीवर चालतं, म्हणजे लाइट बंद करून काम करता येतं. कॉर्डलेसचा हा मोठा फायदा आहे, तो वापरा. एमसीबी पाडल्यावर टेस्टरने तपासा आणि तो कोणी परत चढवू नये म्हणून घरातल्यांना सांगून ठेवा.
- बाथरूम, गिझर आणि किचन सिंकच्या भिंतीत नळाच्या रेषा विचारून घ्या. घरात गॅसची पाइपलाइन असेल तर ती भिंतीतून कुठून जाते ते बघा.
- होल मारताना हात फक्त प्लास्टिक-रबरच्या मुठीवर. चकच्या जवळच्या धातूला हात लावायचा नाही.

आता अंगावरचं बघू. डोळ्यांवर गॉगल हवाच, विशेषतः स्लॅबला होल मारताना. नंबरचा चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नाही. पाकिटावर आयएस ५९८३ लिहिलेलं बघा. काँक्रीटच्या पावडरीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक पावडर अडवत नाही. आयएस ९४७३ चा एफएफपी-२ मास्क किंवा एन-९५ घ्या. दिवसभर हातोडी मोडवर काम असेल तर कानात प्लगही घाला.

सैल बाह्या, गळ्यातली चेन, ओढणी, मनगटावरचे धागे, मोकळे केस, हे सगळं फिरत्या चकपासून लांब. कापडी हातमोजेही घालू नका. बिटमध्ये हातमोज्याचा धागा अडकला की बोट सोबत जातं. हातमोजे सामान उचलताना घाला, होल मारताना काढा.

५. मशीन धरायचं कसं आणि मनगट का मुरगळतं

बिट अडकतो तेव्हा मोटर थांबत नाही. बिट फिरू शकत नाही म्हणून मशीन फिरतं. मूठ झटक्यात उजवीकडे जाते आणि सोबत तुमचं मनगट.

याचा साधा हिशोब करू. समजा मशीनची ताकद ५० न्यूटन-मीटर आहे. चकच्या मध्यापासून तुमची मूठ साधारण १२ सेंटीमीटर खाली. बिट अडकला तर मुठीवर चारशे न्यूटनच्या आसपास जोर येतो, म्हणजे ४० किलोचं वजन एका मनगटाला झटका देतं. आता साइड हँडल लावा. ते मध्यापासून २५ सेंटीमीटर लांब असेल तर तोच झटका सांभाळायला २० किलोइतका जोर पुरतो, आणि तोही दोन हातांत वाटला जातो. खोक्यात पडून राहिलेलं ते काळं हँडल एवढं कामाचं आहे. मशीन विकत घेतलं त्याच दिवशी ते लावून टाका.

लक्षात घ्या, गिअर १ मध्ये ताकद जास्त असते, म्हणून झटकाही तिथेच मोठा बसतो. होल-सॉ लावून दारात कुलपाचं होल काढताना किंवा जाड बिट लोखंडातून आरपार जाताना लोक हळू वेग बघून निर्धास्त असतात, आणि नेमकं तिथेच मनगट जातं.

धरायची पद्धत अशी:

- पाय खांद्याइतके फाकवून उभं राहा. बिट, मशीन आणि कोपर एका सरळ रेषेत.
- दाब हलका पण ठाम. इम्पॅक्ट ड्रिलला थोडा दाब लागतोच, त्याशिवाय दातेरी चकत्या भिडत नाहीत. पण अंगाचा भार टाकला की त्या एकमेकींवर दाबून बसतात, ठोका कमी होतो आणि होल आणखी हळू जातं.
- सुरुवात हळू, खड्डा पडला की पूर्ण वेग.
- शिडीवर मशीनला दोन हात लागतात, म्हणजे शिडीला धरायला हात उरत नाही. घोडा वापरा आणि खाली माणूस उभा करा. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून होल मारायचं नाही.
- बिट आवळताना चक हातात धरून ट्रिगर दाबायची सवय बऱ्याच जणांना असते. ती सोडा. तळहाताची साल जाते, मनगटही जातं. हाताने आवळा, आणि बारीक बिट तिन्ही जबड्यांच्या मधोमध बसला आहे ना ते बघा.
- बिट अडकला तर ट्रिगर सोडा, बटण उलट दिशेला करा, हळू फिरवत बाहेर काढा. तरीही निघाला नाही तर बॅटरी काढा, चक सैल करा आणि बिट पकडीने फिरवून काढा.
- होल झाल्या झाल्या बिटला बोट लावू नका, चटका बसतो.

वायरवाल्या मशीनचा प्लग काढला की मशीन मेलं. कॉर्डलेसमध्ये जीव बॅटरीत असतो. म्हणून मशीन बॅगेत टाकताना बॅटरी काढून ठेवायची. बॅगेत ट्रिगर दाबला जाऊन बिट फिरणं, हे कॉर्डलेसचंच खास दुखणं.

६. बॅटरी: मशीनचा सगळ्यात नाजूक भाग

आधी व्होल्टचा घोळ मिटवू. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर एकेक सेल जास्तीत जास्त ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे एकूण २१. त्यामुळे १८ व्होल्ट, "२० व्होल्ट मॅक्स" आणि २१ व्होल्ट ही बऱ्याचदा एकाच बॅटरीची तीन नावं असतात. स्वस्त मशीनवर ४८ किंवा ८८ असा मोठा आकडा छापलेला दिसला तर विचारा, "आत सेल किती?" पाच सेल एकापुढे एक असतील तर ती बॅटरी २१ व्होल्टच्या वर जाऊच शकत नाही, वर काहीही छापलेलं असो.

किती वेळ चालेल हे कळायला व्होल्ट गुणिले एएच करा. १८ व्होल्ट, २ एएच म्हणजे ३६ वॉट-तास. १८ व्होल्ट, ४ एएच म्हणजे ७२. हातोडी मोडचं काम जास्त असेल तर मोठी बॅटरी घ्या. तिच्यात सेलच्या दोन रांगा असतात, भार वाटला जातो आणि सेल कमी तापतात. स्क्रू फिटिंगला २ एएच पुरते आणि हातही दुखत नाही.

बॅटरीचे नियम:

- मशीन मंदावलं की थांबा. अगदी शेवटचा थेंब काढायचा हट्ट करू नका.
- गरम बॅटरी चार्जरवर लावू नका. पंधरा-वीस मिनिटं सावलीत राहू द्या. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये चार्जिंगसाठी ४० अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश असतात, आणि उन्हात उभ्या टेम्पोत त्याहून बरेच जास्त. तिकडच्या मंडळींनी चार्जिंग सकाळी लवकर करावं आणि बॅटरी टेम्पोत सोडू नये.
- चार्जर त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीचा. पिन बसली म्हणजे जुळला असं नाही.
- खिळे-स्क्रूच्या डब्यात सुटी बॅटरी टाकू नका. एक स्क्रू दोन पट्ट्यांना टेकला की शॉर्ट होतो. बॅटरीला टोपी लावा किंवा वेगळ्या खणात ठेवा.
- रात्रभर चार्जिंगला लावून शटर पाडू नका. आपल्या गाळ्यात माळ्यावर पुठ्ठे, थर्माकोल, खाली थिनरचे डबे. चार्जर लादीवर किंवा लोखंडी टेबलावर, आजूबाजूला काही नाही, आणि माणूस दुकानात असतानाच.
- पडून राहणार असेल तर अर्धी चार्ज ठेवा. पावसाळ्यात काम कमी असेल तर दोन दिवे दिसतील एवढी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्महिने पडली की नंतर चार्जर तिला घेतच नाही.
- फुगलेली, फुटलेली, पाण्यात पडलेली किंवा विचित्र वास येणारी बॅटरी संपली असं समजा. उघडून बघू नका.

बाजारात जुन्या बॅटरीत नवे सेल टाकून मिळतात. दर आकर्षक असतो. पण आतलं संरक्षणाचं सर्किट काढून टाकलं असेल किंवा वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र जोडले असतील, तर ते बाहेरून कळत नाही. आत कोणते सेल आहेत आणि सर्किट चालू आहे का, हे दाखवणारा नसेल तर घेऊ नका. खराब बॅटरी कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

बॅटरीतून धूर आला तर जवळ जाऊन हाताळू नका. माणसं बाहेर काढा, जमलं तर दुरूनच भरपूर पाणी मारा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

७. मेंटेनन्सचं वेळापत्रक

सर्व्हिस सेंटरची वेळ कमी यावी असं वाटत असेल तर एवढं करा. प्रत्येक वेळी बॅटरी काढूनच.

रोज संध्याकाळी, दोन मिनिटं: कोरड्या फडक्याने मशीन पुसा. हवेच्या फटींमधली पावडर मऊ ब्रशने काढा. चकचे जबडे उघडून मशीन खाली तोंड करून झटका. स्लॅबचं काम झालं असेल तर हे चुकवू नका, कारण वरची सगळी पावडर सरळ चकमध्ये येते. पुढच्या वेळी बिटमध्ये प्लास्टिकचा कप ओवून घ्या, पावडर कपात पडेल.

आठवड्यातून एकदा: बॅटरी आणि मशीनच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. साइड हँडलचा स्क्रू आवळा. सरळ बिट लावून हळू फिरवा. टोक डगमगत असेल तर बिट वाकडा आहे की चक, ते दुसरा बिट लावून बघा. बोथट बिट वेगळे काढा.

महिन्यातून एकदा: ब्लोअरने फटींतून हवा मारा, गॉगल घालून. चकच्या जबड्यांना हलक्या तेलाचा एखादा थेंब, जास्तीचं पुसून टाका. कोकणात आणि पावसाळ्यात गंज लवकर धरतो, तिथे हे पंधरा दिवसांनी करा. मोटरमध्ये तेल किंवा स्प्रे मारायचा नाही. गिअरबॉक्सचं ग्रीस सर्व्हिस सेंटरचं काम.

कार्बन: ब्रशवाली मोटर असेल तर कार्बन झिजतात. फटीतून मोठ्या ठिणग्या दिसल्या किंवा मशीन अडखळत सुरू झालं तर कार्बन तपासून घ्या. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन नसतात. तिची किंमत जास्त, पण रोज वापरणाऱ्याला परवडते.

लगेच थांबवायची लक्षणं: जळका वास, धूर, ट्रिगर सोडल्यावरही फिरत राहणं, बॉडीला तडा, गिअरमधून खडखड. "आजचं काम उरकू, उद्या बघू" असं केलं की दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतो.

८. धंद्याचा हिशोब

समजा मशीन, दोन बॅटरी आणि चार्जर मिळून १०,००० रुपये. दोन वर्षांत ५०० दिवस काम केलं तर रोजचे २० रुपये. सहा महिन्यांत, म्हणजे १२५ दिवसांत जाळलं तर रोजचे ८० रुपये. समजा नवी बॅटरी ३,६०० रुपयांची. ती ६०० वेळा चार्ज झाली तर एका चार्जला ६ रुपये. उन्हात तापवून, पूर्ण उतरवून २०० चार्जमध्ये मारली तर एका चार्जला १८ रुपये. हे पैसे तुमच्याच नफ्यातून जातात, फक्त बिलात दिसत नाहीत.

तुमच्याकडे मुलं कामाला असतील तर तीन गोष्टी करा. बॅटऱ्यांवर मार्करने नंबर टाका. एका वहीत तारीख, मशीन, बॅटरी नंबर आणि कोण घेऊन गेलं ते लिहा. कोणती बॅटरी लवकर उतरते हे महिन्याभरात वहीच सांगेल. आणि गॉगल-मास्कचा खर्च मुलाच्या पगारातून कापू नका; तो तुमच्या दरात धरा. मनगट मुरगळलेला फिटर आठवडाभर घरी बसला की त्याचा पगार बुडतो आणि तुमच्या साइट.

नव्या मुलाला मशीन देताना आधी दुकानातल्या वाया गेलेल्या विटेवर आणि लाकडावर वीस होल मारून घ्या. त्यातलं एक होल मुद्दाम गाठ असलेल्या लाकडात घ्यायला लावा, साइड हँडल लावून आणि तुम्ही शेजारी उभे राहून. बिट अडकला की काय होतं आणि बोट ट्रिगरवरून कसं उचलायचं, हे त्याला तिथे कळू दे.

शेवटी दुकानात मशीनच्या खणावर चिकटवायला ही सहा वाक्यं:

१. होल अडलं तर जोर नाही, थांबा.
२. भिंत ओळखल्याशिवाय हातोडी मोड नाही.
३. एमसीबी पाडल्याशिवाय बोर्डजवळ होल नाही.
४. साइड हँडल आणि गॉगलशिवाय मशीन सुरू नाही.
५. बिट बदलताना आणि बॅगेत ठेवताना बॅटरी बाहेर.
६. गरम बॅटरी चार्जरवर नाही, रात्री चार्जिंग नाही.

प्रिंट काढा, चिकटवा, आणि उद्या सकाळी साइटवर निघण्याआधी सगळ्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा.